मिळत नाही की खात नाही? खेळाडूंचा आहार आणि खाण्यामागचं मन कसं तपासावं

कबड्डीची पोरगी तिसऱ्या चढाईलाच धापा टाकू लागली, की मैदानाच्या कडेला उभे असलेले सर म्हणतात, "ही नीट खात नाही." एवढ्यावर निदान होतं आणि उपायही तिथंच सुचवला जातो: "घरी सांग, दूध-अंडी चालू करा म्हणावं." पण ती का खात नाही? घरात दूधच नसेल. पहाटे पाचला ग्राउंड आणि सातची एसटी, यांच्या मध्ये खायला वेळच नसेल. किंवा डबा भरलेला असूनही ती मैत्रिणींना वाटून टाकत असेल, कारण कुणीतरी तिला "जाडी" म्हटलंय. तिघींच्या ताटात तेवढंच कमी पडतं, पण तिघींना लागणारी मदत अगदी वेगळी आहे.

म्हणून आहाराचा दर्जा आणि खाण्याकडे बघण्याची वृत्ती या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात आणि नंतर शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. परदेशात बनलेल्या बहुतेक प्रश्नावल्या घरात खायला आहे असं धरूनच चालतात. लातूर-बीडकडच्या वसतिगृहात किंवा ऊसतोडीला आईबाप गेलेल्या घरात तसं धरून चालत नाही. खालची रीत शाळेचे क्रीडाशिक्षक, तालमीचे वस्ताद, पोलीस भरतीची अकॅडमी चालवणारे आणि गावपातळीवर काम करणारे आहारतज्ज्ञ यांच्यासाठी आहे.

सुरू करण्याआधी: विचारणार कोण?

संघ निवडणाऱ्यानेच हे प्रश्न विचारले, तर उत्तरं खोटी येणार. ज्याच्या हातात आपली जागा आहे त्याला "मी जेवणानंतर उलटी काढते" असं कोण सांगेल? विचारणारी व्यक्ती निवडीबाहेरची हवी: दुसऱ्या शाळेतल्या बाई, आरोग्य केंद्रातली समुपदेशक, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी अन्न-पोषण शिकलेली मुलगी. मुलींशी बाईनेच बोलावं, एकांतात बोलावं, पण दार उघडं ठेवून.

१८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि खुद्द पोराचीही. कागदावर नावाऐवजी क्रमांक टाका. गूगल फॉर्म करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडू नका. अशा फॉर्मचे स्क्रीनशॉट फिरायला संध्याकाळही लागत नाही.

त्रास सापडला तर पाठवणार कुठे, हे आधी ठरवा. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिक, टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक. यातला जो पर्याय तुमच्या तालुक्यात खरोखर चालतो, तो एकदा फोन करून पक्का करून ठेवा. पुढचा रस्ता माहीत नसताना पोरांच्या मनातलं उकरू नये.

पायरी १: दिवस निवडणं

आहार विचारायला कुठलाही दिवस चालेल असं वाटतं, आणि गफलत तिथंच होते. आपल्याकडे ताट आठवडी बाजारावर चालतं. बाजार झाला की दोन-तीन दिवस घरात पालक, वांगी, टोमॅटो असतात. पुढचे दिवस पिठलं, वरण, बेसन, चटणी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी विचारलंत तर सगळं गाव पौष्टिक खातं असं दिसेल. म्हणून प्रत्येक खेळाडूचे तीन दिवस घ्या: बाजारानंतरचा एक, बाजाराआधीचा एक आणि एक रविवार. तिन्हींपैकी निदान एक दिवस जोरदार सरावाचा असू द्या.

श्रावण, नवरात्र आणि रमजान हे एरवीचं खाणं समजून घेण्याचे दिवस नव्हेत. तुळजापूर-अंबाजोगाईच्या पट्ट्यात घरंच्या घरं नऊ दिवस साबुदाणा-भगरीवर असतात. त्या काळातलं खाणं हवं असेल तर वेगळं नोंदवा, कारण उपवासात सराव चालूच असतो आणि ते कळणंही कामाचं आहे. वर्षातून दोनदा मोजा: एकदा हिवाळ्यात, हरभऱ्याची-करडईची भाजी आणि हुरडा असतो तेव्हा, आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, पाण्यासोबत भाजीही आटते तेव्हा. ऊसतोडीच्या घरांत हिवाळ्याचं चित्र उलटंही असतं. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि पोर आजीकडे किंवा वसतिगृहात राहतं. ताट कुणाच्या हातचं आहे, हे नोंदीत पहिल्या ओळीला लिहा.

पायरी २: कालचा दिवस काढून घेणं

ही पद्धत २४ तासांची आठवण म्हणून ओळखली जाते. सगळा पाया तीच आहे, म्हणून घाई करू नका. एका खेळाडूला अर्धा तास लागतोच.

आधी मध्ये न बोलता सगळं सांगू द्या. "काल उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं?" उत्तर येईल, "चहा, भाकर, वरण, परत भाकर." मग दुसरी फेरी घड्याळ धरून: ग्राउंडला जाण्याआधी काय, आल्यावर काय, मधल्या सुट्टीत काय. तिसरी फेरी विसरलेल्या गोष्टींची, आणि खरा माल इथं निघतो. खिशातले फुटाणे-शेंगदाणे, रानातला ऊस, बोरं, एसटी स्टँडवरचा वडापाव, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट, मित्राने दिलेली प्रोटीन पावडर, सायंकाळचा दुसरा आणि तिसरा चहा. चौथ्या फेरीत माप विचारा आणि शेवटी सगळं वाचून दाखवा.

"अजून काय खाल्लं?" असं विचारा. "दूध घेतलं का?" असं विचारलं की अर्धी पोरं हो म्हणतात, कारण सरांना काय ऐकायचंय ते त्यांना ठाऊक असतं. तोंडावर कौतुक किंवा नाराजी दिसू देऊ नका. "एवढंच?" हा एक शब्द सगळी नोंद बिघडवतो.

मापासाठी घरातली भांडी जवळ ठेवा: दोन आकारांच्या वाट्या, पळी, पेला, चमचा. भाकरीसाठी पुठ्ठ्याचे तीन गोल कापून ठेवा, कारण भाकर घरागणिक बदलते. दोन-चार घरांत जाऊन एका भाकरीला किती पीठ लागतं ते काट्यावर मोजा. पुढच्या हिशेबात मी ८० ग्रॅम धरलंय. तुमच्याकडचा आकडा वेगळा निघाला तर तो वापरा. कोरड्यास (भाकरीसोबतचं कालवण) म्हणजे नेमकं काय होतं, तेही विचारा. वांग्याचं का पिठल्याचं, यावर प्रथिनांचा हिशेब फिरतो.

तेल कुणालाच सांगता येत नाही. ते घरच्या खरेदीवरून काढा. पाच माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला साधारण २५ ग्रॅम. वसतिगृहात तर हे आणखी सोपं: कोठीची नोंदवही मागा. ६० मुलांना दिवसाला दोन किलो डाळ निघत असेल, तर माणशी ३३ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सांगितलेल्या २००० कॅलरींच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत, तेही न खेळणाऱ्या माणसासाठी. अशा ठिकाणी एकेका पोराला "नीट खात जा" म्हणण्यात अर्थ नाही. हिशेबाचा कागद घेऊन अधीक्षकांकडे जायचं.

पायरी ३: ताटात किती प्रकार आहेत

दर्जा बघण्याचं सगळ्यात स्वस्त माप म्हणजे दहा गटांची यादी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी ती वापरात आणली. गट असे: धान्यं व कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ-जवसासारख्या तेलबिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या, इतर भाज्या आणि इतर फळं. दिवसात पाच किंवा जास्त गट आले तर सूक्ष्म पोषकद्रव्यं पुरेशी मिळण्याची शक्यता बरी. मूळ माप गटाचं चित्र काढायला आहे, एका मुलीवर शिक्का मारायला नाही. मुलांसाठी वापरलं तर ढोबळ अंदाज एवढंच समजा.

एक नियम मात्र कडक पाळा: १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेलं मोजायचं नाही. त्यामुळे चहातलं चमचाभर दूध, वरणावरची कोथिंबीर आणि ठेचा बाद. शेंगदाण्याची चटणी बोटाला लावून खाल्ली तर बाद, भाकरीसोबत दोन-तीन भरपूर चमचे घेतली तर धरा. भाकर, पिठलं, मेथी आणि भरपूर चटणी असं ताट चार गटांवर थांबतं. त्यात दही किंवा पेरू आला की पाच.

आपल्या पारंपरिक ताटाला हिणवायचं कारण नाही. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आहेत, बाजरीत लोह त्याहून बरं, आणि जवस-कारळ्याच्या चटण्या हा आपल्याकडचा ठेवाच आहे. परभणी विद्यापीठाने तर २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. अडचण असते ती दूध, अंडी, फळं यांच्या कमतरतेची आणि जेवणावर लगेच चहा घेण्याची, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

पायरी ४: पुरतं का?

प्रकार बघून झाले की प्रमाण. समजा १९ वर्षांची, ५० किलोची कबड्डीपटू आहे. खेळाडूला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे हिला किमान ६०. तिने दिवसभरात साडेतीन भाकरी, वाटीभर पिठलं, वाटीभर वरण, दोन चमचे चटणी आणि दोन वेळा चहा-खारी घेतली. भाकरीतून २८, पिठल्यातून साडेपाच, वरणातून साडेसहा, चटणीतून साडेतीन, चहाच्या दुधातून तीन: सगळे मिळून ४६-४७ ग्रॅम. पोट भरलेलं आहे, तरी तेरा-चौदा ग्रॅम कमी. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे सात ग्रॅम देतात आणि पेलाभर दूध सहा-सात. भरून निघालं. डब्यातल्या पावडरीवर महिन्याचा किराणा घालवायची गरज इथं कुठं आहे, मला कळत नाही.

उष्मांकाचा हिशेब अधिक महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी सुटतो. वरच्या ताटातून तेल-साखर धरून अंदाजे १६५० कॅलरी आल्या. सरावात ४५० गेल्या. उरल्या १२००. या उरलेल्यांवर हृदय, हाडं, पाळी, वाढ सगळं चालायचं असतं. त्यांना चरबी वगळून उरणाऱ्या वजनाने भागायचं. या मुलीचं ते ३९ किलो धरू. भागाकार येतो ३१ च्या आत. प्रौढ स्त्रीसाठी ४५ च्या आसपास चांगलं आणि ३० च्या खाली धोक्याचं मानतात. म्हणजे "पोटभर जेवते" अशी ही मुलगी काठावर उभी आहे. वरचे शेंगदाणे-दूध आले की आकडा ३८ पर्यंत जातो. ३० ही काही भिंत नव्हे. कुणाला त्याच्या वरही त्रास होतो, कुणाला खालीही काही काळ होत नाही. पोर वाढीच्या वयातलं असेल तर आणखी सैल हाताने द्या.

शरीरातली चरबी मोजायचं साधन गावात नसतं आणि कातडीची घडी चिमट्यात धरून मोजणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर आकडा भरवशाचा नाही. तेव्हा शरीरच काय सांगतं ते बघा. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये खेळातल्या सापेक्ष ऊर्जा-कमतरतेचं, म्हणजे खर्चाच्या मानाने खाणं कमी पडण्याचं, चित्र मांडलं, त्यातल्या खुणा मैदानावर दिसतात: सारखी सर्दी-खोकला, नडगीचं न जाणारं दुखणं, सराव वाढवूनही वेळ न सुधारणं, चिडचिड, झोप न लागणं. मुलींमध्ये सगळ्यात बोलकी खूण पाळीची. सलग तीन महिने पाळी न येणं किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरूच न होणं, हे डॉक्टरांकडे पाठवण्याचं कारण आहे. "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. विचारताना त्यांचेच शब्द वापरा, "अडचण वेळेवर येते का?" हे त्यांना जवळचं. देवकार्यासाठी किंवा स्पर्धेसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या का, हेही विचारा, नाहीतर नोंद फसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्रौढ स्त्रीत १२ आणि पुरुषात १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

पायरी ५: खाण्यामागचं मन

आता नाजूक भाग. सुरुवात पाच छोट्या प्रश्नांनी करा. ब्रिटनमध्ये १९९९ साली आलेल्या, खाण्याचे विकार हेरणाऱ्या स्कॉफ चाचणीचा गाभा हाच आहे. फार पोट भरल्यासारखं वाटलं म्हणून मुद्दाम उलटी काढता का? किती खातोय यावर ताबा राहिला नाही अशी काळजी वाटते का? गेल्या तीन महिन्यांत सहा किलोहून जास्त वजन उतरलं का? लोक बारीक म्हणतात तरी स्वतःला जाड वाटतं का? सगळा दिवस खाण्याच्याच विचारात जातो का? दोन किंवा जास्त "हो" आले तर पुढे बोला.

मोठी चाचणी म्हणजे ईएटी-२६. गार्नर आणि सहकाऱ्यांची १९८२ ची, २६ प्रश्नांची. 'नेहमी'ला तीन, 'बहुतेक वेळा'ला दोन, 'बऱ्याचदा'ला एक गुण, बाकीच्यांना शून्य. एका प्रश्नाचे गुण उलटे. २० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाची भेट. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तिचे हक्क राखीव असल्याने वापरण्याआधी परवानगी घ्यावी लागते. मराठी करायची तर दोन जणांनी वेगवेगळी करावी, तिसऱ्याने उलट भाषांतर करून मूळ अर्थाशी ताडावी आणि चार-पाच पोरांना वाचून दाखवावी.

ती जशीच्या तशी चालवली तर आपल्याकडे काय होतं बघा. एक विधान आहे, अन्नाचे बारीक तुकडे करतो. भाकर कुस्करून खाणारं सगळं गावच त्यात सापडेल. मी आणखी खावं असं इतरांना वाटतं, खाण्यासाठी आग्रह करतात: आजी असलेल्या प्रत्येक घरात याचं उत्तर 'नेहमी'. पोट रिकामं असलेलं आवडतं, यावर एकादशी-चतुर्थी करणारी मुलगी श्रद्धेने हो म्हणेल. व्यायाम करताना कॅलरी जाळण्याचा विचार येतो, हे तर भरतीच्या पोरांना प्रशिक्षकच शिकवतात. आणि "भूक असताना खाणं टाळतो" हे विधान सगळ्यात फसवं. डब्यात अर्धीच भाकर आहे म्हणून भूक दाबणारा पोरगा आणि वजन वाढेल म्हणून दाबणारी पोरगी, दोघांना सारखेच तीन गुण.

म्हणून ज्या विधानाला वरचे गुण पडले, त्याच्यापुढे एकच प्रश्न लिहा: "का?" उत्तर पोराच्या शब्दांत उतरवा. मी तरी एकूण गुणांपेक्षा हा रकाना आधी वाचते. प्रौढ खेळाडू मुलींसाठी २०१४ मध्ये आलेली लीफ-क्यू ही प्रश्नावलीही आहे. ती दुखापती, पोट आणि पाळी यांवरून ऊर्जेची कमतरता ओळखते, आठ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. मनाबद्दल ती फारसं विचारत नाही.

मुलांना यातून वगळू नका. तालमीत "वजन तोडणं", म्हणजे गटात बसायला झपाट्याने वजन उतरवणं, हा शब्द इतका रुळलाय की त्यात काही वावगं वाटत नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं. असे वजनगट इथल्या पैलवानांना तोंडपाठ असतात. आणि पॅरिसला २०२४ मध्ये शंभर ग्रॅम जास्त भरल्यामुळे विनेश फोगाटची अंतिम लढत गेली, तेही सगळ्यांना माहीत आहे. पण १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान झपाट्याने वजन तोडताना मेले आणि तिथले नियम बदलले, हे तालमीत कुणी सांगत नाही. पैलवानाला थेट विचारा: वजनाच्या आदल्या दोन दिवसांत पाणी बंद करतोस का? स्वेटर-प्लॅस्टिक घालून पळतोस का? जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेतल्यास का? वजन झाल्यावर किती खातोस, आणि खाताना थांबता येतं का? हे शेवटचं उत्तर सावकाश ऐका.

कागदाबाहेरही बघा. सगळ्यांसोबत न जेवणं, जेवण झालं की लगेच मोरीकडे जाणं, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, ठरलेल्या सरावानंतर चोरून आणखी पळणं, दिवसातून चारदा काट्यावर उभं राहणं. आणि उपवास अचानक वाढणं: आधी चतुर्थी, मग सोमवार, मग गुरुवार. उपवासाला घरात कुणी आडवं येत नाही, म्हणून न खाण्याला तो बरा आडोसा होतो.

पायरी ६: दोन्ही कागद शेजारी

ताट कमी आणि मन ठीक, असं दिसलं तर ते पुरवठ्याचं काम आहे. समुपदेशनाने भाकर वाढत नाही. शाळेतून फुटाणे-गूळ-शेंगदाणे, ग्राउंडनंतर उकडलेली अंडी किंवा केळी, गावातल्या दूध डेअरीशी बोलणं, कोठीतली डाळ वाढवून घेणं. ताट भरलेलं पण मन बिनसलेलं असेल तर आहाराचा तक्ता हातात देऊ नका. त्याने मोजण्याचं वेड वाढतं. तिथं आधी बोलणारा माणूस हवा. दोन्ही बिघडलेलं असेल तर डॉक्टर, समुपदेशक, घरचे आणि प्रशिक्षक, सगळ्यांनी मिळून. आणि कागद स्वच्छ, पण पोर वाळत चाललंय, असं असेल तर पोरावर विश्वास ठेवा, कागदावर नको.

उलट्या काढणं, गोळ्या, मैदानावर चक्कर, तीन महिने पाळी नाही, किंवा जगावंसं वाटत नाही असं बोलणं: यातलं एकही आढळलं तर गुणांची बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी पालकांशी बोला आणि दवाखान्यात न्या. सराव थांबवताना "संघातून काढलं" असं वाटू देऊ नका. जर्सी तिच्याकडेच राहू द्या, बाकावर जागा ठेवा.

भिंतीवर वजनांचा तक्ता लावला असेल तर तो आजच काढा. वजन घ्यायचंच तर महिन्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर, एकट्यात, आणि आकडा मोठ्याने न वाचता. मराठवाड्याच्या उन्हात सरावाआधी आणि नंतर वजन करून घामाचा अंदाज घेणं वेगळं; ते पाण्यासाठी आहे हे पोरांना सांगून करा.

सुधारणा सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तीच रीत, तीच वाटी, तोच पुठ्ठ्याचा गोल आणि शक्य तर तीच विचारणारी बाई. बाजाराचे दिवसही पहिल्यासारखेच धरा, नाहीतर फरक ताटाचा की भाजीच्या हंगामाचा ते कळणार नाही. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही कुलपात राहू द्या, आणि किल्ली निवड समितीतल्या कुणाकडेही नको.